सेलाडॉनची फुलदाणी : अभिलेख, जहाज आणि खापर

प्रास्ताविक

लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये सर पर्सिव्हल डेव्हिड यांनी जमविलेली चिनी भांडी २००९ पासून एका स्वतंत्र दालनात मांडलेली आहेत. या संग्रहातील निळ्या-पांढऱ्या रंगांच्या दोन उंच फुलदाण्या जगभरच्या कलेतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत पोहोचल्या आहेत. झांग वेनजिन नावाच्या गृहस्थाने त्या मंदिराला अर्पण केल्याचा इ. स. १३५१ चा लेख त्यांच्यावर आहे. चिनी निळ्या-पांढऱ्या पोर्सेलीनचा कालक्रम ठरविताना अभ्यासक प्रथम याच जोडीकडे वळतात. त्याच संग्रहात हिरव्या झिलईची आणखी एक मोठी फुलदाणी आहे. तिच्यावरही लेख कोरलेला आहे आणि तो चोवीस वर्षांनी आधीचा, म्हणजे इ. स. १३२७ चा आहे. तिच्याकडे मात्र फारसे कोणी थांबत नाही.

हा लेख साधा आहे. झेजियांग प्रांतातील लाँगच्युआन परिसरात, ग्वेईशी येथे राहणारा झांग जिनचेंग हा बुद्ध, धर्म आणि संघ या त्रिरत्नांवर श्रद्धा ठेवणारा गृहस्थ होता. त्याने मोठ्या फुलदाण्यांची एक जोडी तयार करून ज्वेलिन मंदिराच्या सभागृहात बुद्धमूर्तीपुढे कायमची ठेवली आणि आपल्या कुटुंबाला सुखशांती लाभावी अशी प्रार्थना केली. शेवटी युआन राजवटीतील तायडिंग कालगणनेचे चौथे वर्ष आणि आठवा महिना नोंदविला आहे. झांगने स्वतः चाक फिरविले की भट्टीचा मालक या नात्याने काम करवून घेतले, हे या मजकुरावरून ठरत नाही. तथापि भट्ट्यांच्या परिसरात राहणाऱ्या माणसाने आपले नाव, गाव, हेतू आणि तिथी एका भांड्यावर लिहून ठेवली, ही घटना लाँगच्युआनच्या बाबतीत अत्यंत विरळा आहे. या भट्ट्यांतून शतकानुशतके जी अगणित भांडी बाहेर पडली त्यांपैकी बहुतेकांवर ना नाव आहे, ना वर्ष.

यातूनच सेलाडॉनच्या इतिहासलेखनाची मुख्य अडचण उद्भवते. कुंभार मुका राहिला आणि मालक बोलके निघाले. जपानी दरबार, इस्तंबूलचा सुलतान, दिल्लीचा बादशहा, युरोपातील धर्मगुरू अशा प्रत्येकाने आपल्या हाती आलेल्या हिरव्या भांड्याला एखादे नाव, एखादी कथा किंवा एखादा गुण चिकटविला. पुढे तेच साहित्य इतिहास म्हणून उद्धृत होत राहिले. प्रस्तुत लेखात या मालकी-कथा बाजूला सारलेल्या नाहीत; त्यांच्याशेजारी भट्टीचा, जहाजाचा आणि खापराचा पुरावा ठेवून पाहिला आहे.

रंग आणि त्याची नावे

या भांड्यांना चीनमध्ये ‘छिंग-त्स’ म्हणतात. ‘छिंग’ या चिनी शब्दात हिरवा, निळा आणि त्यांच्यामधल्या सर्व छटा सामावतात. रंगाचे रहस्य लोहात आहे. झिलईत साधारणपणे एक ते तीन टक्के लोहाचे ऑक्साइड असते. भट्टीत भरपूर हवा खेळू दिली तर भांडे पिवळट किंवा तपकिरी निघते. बाराशे अंश सेल्सिअसच्या वर तापमान नेऊन हवेचा पुरवठा कमी केला, तर धुरकट ज्वाला लोहातील ऑक्सिजन ओढून घेते आणि झिलई हिरवी होते. म्हणजे हा हिरवा रंग बाहेरून लावलेला नसतो. तो भट्टीतील हवेवरील नियंत्रणातून निर्माण होतो. भट्टी लावणाऱ्याच्या अंदाजात थोडी चूक झाली की सगळा घाणा बिघडे. डोंगरउतारावर बांधलेल्या, पन्नास मीटरांहून अधिक लांबीच्या ‘ड्रॅगन भट्ट्यां’मध्ये हे नियंत्रण राखणे किती अवघड असेल, याची कल्पना भट्ट्यांशेजारी सापडणाऱ्या फुटक्या मालाच्या ढिगांवरून येते.

दक्षिण सुंग काळात (११२७–१२७९) लाँगच्युआनच्या कारागिरांनी आणखी एक पाऊल टाकले. भांडे आधी कच्चे भाजून त्यावर झिलईचे अनेक थर ते देऊ लागले. कित्येक खापरांच्या कडेवर झिलई मूळ मातीइतकी, क्वचित तिच्याहूनही जाड दिसते. या जाड थरात सूक्ष्म बुडबुडे आणि न वितळलेले कण अडकून राहतात. प्रकाश त्यांच्यावर आदळून विखुरतो आणि पृष्ठभाग काचेसारखा चकाकण्याऐवजी जेडच्या खड्यासारखा मऊ भासतो. चिनी संस्कृतीत जेडचे स्थान सोन्याच्याही वर होते, हे लक्षात घेतले म्हणजे या खटाटोपामागचा हेतू उलगडतो.

केवळ वर्णनावरून रंग ओळखणे किती फसवे असते, याचे एक उदाहरण येथे नोंदवावेसे वाटते. तांग काळातील साहित्यात युए भट्ट्यांच्या ‘गुप्त रंगा’च्या भांड्यांचा उल्लेख येतो. हा रंग नेमका कोणता, यावर विद्वानांनी दीर्घकाळ तर्क लढविले. १९८७ मध्ये शान्शी प्रांतातील फामेन मंदिराचे, इ. स. ८७४ मध्ये बंद केलेले तळघर उघडले. आत भांडी होती आणि अर्पण केलेल्या वस्तूंची शिलालेखरूपी यादीही होती. यादीतील ‘गुप्त रंगा’ची भांडी समोर ठेवलेली पाहून वाद संपला. ती सौम्य हिरव्या छटेची होती. कवींच्या उपमांनी जे साधले नव्हते ते एका साध्या भांडार-यादीने साधले.

‘सेलाडॉन’ हा शब्द चिनी नाही. ओनोरे द्युर्फे या फ्रेंच लेखकाच्या, सतराव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘लास्त्रे’ या कादंबरीतील सेलादोन नावाच्या मेंढपाळाशी व त्याच्या हिरव्या फितींशी त्याचा संबंध सामान्यतः जोडला जातो. सलाहुद्दीनच्या नावावरून किंवा संस्कृत ‘शिला’ शब्दावरून तो आल्याचेही काही लोकप्रिय पुस्तकांत म्हटलेले असते. दुसरी व्युत्पत्ती भारतीय वाचकाला सुखावणारी असली तरी तिच्या पाठीशी वाङ्मयीन आधार दाखविला जात नाही. तिचा मोह सोडणेच बरे.

१३२३ चे जहाज

झांग जिनचेंगने फुलदाणी अर्पण केली त्याच्या चार वर्षे आधी निंगबोहून (तेव्हाचे छिंगयुआन) एक व्यापारी जहाज जपानमधील हाकाता बंदराकडे निघाले होते. ते कोरियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ, सिनान बेटांच्या परिसरात बुडाले. १९७५ मध्ये एका मच्छीमाराच्या जाळ्यात काही चिनी भांडी अडकून वर आली. त्यांत एक सेलाडॉन फुलदाणी होती. पुढील वर्षापासून १९८४ पर्यंत तेथे सागरी उत्खनन चालले आणि वीस हजारांहून अधिक भांडी हाती लागली. त्यांतील निम्म्याहून अधिक सेलाडॉनची असून बहुतांश माल लाँगच्युआनचा होता. सोबत सुमारे अठ्ठावीस टन तांब्याची नाणी आणि चंदनी जातीच्या तांबड्या लाकडाचे हजारावर ओंडके होते. मालाला बांधलेल्या लाकडी चिठ्ठ्यांवर १३२३ ची तारीख आणि क्योटोच्या तोफुकुजी मठाचे नाव वाचता आले.

इतिहासाच्या साधनांत असे जहाज म्हणजे एका दिवसाची गोठलेली रोजकीर्द होय. मंदिरात किंवा राजवाड्यात वस्तू पिढ्यान्‌पिढ्या साठत जातात. जहाजातील माल एकाच वेळी चढविलेला असतो. जहाजात काय होते याइतकेच काय नव्हते, हेही बोलके ठरते. एवढ्या मोठ्या मालात निळ्या-पांढऱ्या रंगाचे एकही भांडे मिळाले नाही. म्हणून हा प्रकार निर्यातीच्या बाजारात १३२३ नंतर आला असावा, असे अनुमान अभ्यासक काढतात. १३५१ ची डेव्हिड फुलदाण्यांची जोडी हाती घेतली की तीस वर्षांहून कमी अवधीत जिंगदेझेनच्या भट्ट्यांनी कोणती मजल मारली हे स्पष्ट होते. लाँगच्युआनच्या वर्चस्वाला आव्हान केव्हा मिळाले, याचे उत्तर या दोन तिथींच्या दरम्यान आहे. १३२७ ची हिरवी फुलदाणी नेमकी या मधल्या काळातील आहे. तिचा घडविणारा किंवा घडवून घेणारा मनुष्य आपल्या परिसरातील उत्तम वस्तू देवापुढे ठेवीत होता. बाजार पुढे कोणत्या दिशेला वळणार आहे याची चाहूल त्या मजकुरात नाही.

सिनानच्या मालातील आणखी एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. काही भांडी घडणीवरून दक्षिण सुंग काळातील दिसतात आणि त्यांतील काहींवर वापराच्या खुणा आहेत. म्हणजे १३२३ मध्येच काही सेलाडॉन ‘जुनी वस्तू’ म्हणून जपानी ग्राहकाकडे चालले होते, असे मानण्यास जागा आहे. पुराणवस्तूंचा व्यापार आधुनिक काळातील संग्राहकांनी सुरू केला, ही समजूत यामुळे डळमळते.

मोगरीच्या आकाराची फुलदाणी

जपानमध्ये ज्या आकाराला सर्वाधिक मान मिळाला तो ‘किनुता’ होय. किनुता म्हणजे कापड बडविण्याची लाकडी मोगरी. सरळ, लांब मान आणि खाली रुंद, जवळजवळ नळकांड्यासारखे पोट, असा हा घाट आहे. चिनी ग्रंथांतही त्याला कागदाचा लगदा कुटण्याच्या मोगरीचे नाव आहे. मोगरीशी असलेले साम्य मात्र नंतरचे असावे. लियाओ राजवंशातील छेन राजकन्येचा मृत्यू इ. स. १०१८ मध्ये झाला. १९८६ मध्ये तिच्या थडग्याचे उत्खनन झाले तेव्हा इस्लामी जगातून आलेल्या काचेच्या वस्तू मिळाल्या. त्यांत लांब मानेची बाटलीही होती. अशा काचेच्या बाटल्यांवरून चिनी कुंभारांनी हा आकार उचलला, असे मत आज बऱ्याच अंशी मान्य आहे. ज्या फुलदाणीला पूर्व आशियाई अभिरुचीचा परमोत्कर्ष मानले जाते तिचा घाट पश्चिम आशियातील काच-कारागिराकडून आलेला असावा, ही गोष्ट कोणत्याही एकाच राष्ट्राच्या अभिमानाला सोयीची नाही.

ओसाका प्रांतातील इझुमी शहराच्या कुबोसो स्मारक संग्रहालयात ‘बानसेई’ नावाची फिनिक्स पक्ष्यांच्या कानांची फुलदाणी आहे. ती जपानची राष्ट्रीय ठेव म्हणून घोषित आहे. ‘बानसेई’ म्हणजे दहा सहस्र ध्वनी. तिची जोडीदार समजली जाणारी ‘सेनसेई’, म्हणजे सहस्र ध्वनी, क्योटोच्या योमेई बुन्कोत आहे. बाई जुयी या तांग कवीच्या एका कवितेत रात्रभर कापड बडविणाऱ्या मोगरीचा आवाज आहे. त्या संदर्भावरून सतराव्या शतकात गो-साई आणि गो-मिझुनो या जपानी सम्राटांनी अनुक्रमे ही नावे दिली. नावे सुंदर आहेत, याबद्दल दुमत नसावे. पण फुलदाण्या घडल्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी ती दिली गेली आणि आज वस्तूचे वर्णन नावापासूनच सुरू होते.

टोकियो राष्ट्रीय संग्रहालयातील ‘बाकोहान’ या वाडग्याची कथा याहून सावध करणारी आहे. तायरा नो शिगेमोरी याने चीनमधील युवांग पर्वतावरील मठाला सुवर्णदान केले आणि तेथील महंताने परतभेट म्हणून हा वाडगा पाठविला, असे सांगतात. (युवांग हे अशोक राजाचे चिनी नाव.) पुढे वाडग्याला तडा गेला. अशिकागा योशिमासाने तो चीनला पाठवून तसाच दुसरा मागविला. तसा वाडगा मिंग चीनमध्ये आता मिळत नाही म्हणून तडा धातूच्या चिमट्यांनी सांधून तोच परत आला. ते चिमटे टोळासारखे दिसतात, त्यावरून नाव पडले. इतो तोगाई या विद्वानाने १७२७ मध्ये ही हकिकत लिहून ठेवली. मात्र वाडग्याची घडण तेराव्या शतकातील मानली जाते आणि शिगेमोरीचा मृत्यू ११७९ मध्ये झाला. कथेचा पहिला भाग त्यामुळे टिकत नाही. चिमटे मात्र डोळ्यांपुढे आहेत. सेलाडॉनच्या अभ्यासात कथेपेक्षा डागडुजीवर विश्वास ठेवावा, हे सूत्र येथून घ्यावे.

जपानी संग्रहांबाहेरील पुरावा सिचुआन प्रांतातील सुइनिंग येथे मिळाला. १९९१ मध्ये तेथील जिनयू गावात जमिनीखाली ९८५ भांड्यांचा साठा सापडला. त्यात लाँगच्युआनची उत्कृष्ट सेलाडॉन भांडी होती आणि मोगरीच्या आकाराच्या फुलदाण्याही होत्या. तेराव्या शतकात मंगोल फौजा सिचुआनवर चालून आल्या त्या धामधुमीत कोणा व्यापाऱ्याने किंवा धनिकाने हा साठा पुरला आणि तो परत काढण्यास कोणी उरले नाही, असा तर्क केला जातो. ज्या वस्तू जपानमध्ये रेशमी पिशव्यांत आणि नावे लिहिलेल्या पेट्यांत जपल्या गेल्या, त्यांची भावंडे येथे मातीत निनावी पडून होती.

भट्टीचा पुरावा

पाश्चात्त्य विद्वानांना लाँगच्युआनचे स्थान निश्चित करण्यासच एकोणिसावे शतक उजाडले. पश्चिम आशियात या भांड्यांना ‘मर्तबानी’ म्हणत असल्यामुळे ती ब्रह्मदेशात बनत असावीत, असे काराबाचेक यांच्यासारख्या अभ्यासकांचे प्रतिपादन होते. फ्रीड्रिख हिर्थ यांनी १८८८ मध्ये चिनी ग्रंथांच्या आधारे लाँगच्युआनचा पक्ष मांडला. प्रत्यक्ष भट्ट्यांपर्यंत पोहोचण्याचे श्रेय चेन वानली यांना द्यावे लागेल. १९२८ पासून त्यांनी या दुर्गम भागाच्या वारंवार फेऱ्या करून ढिगांतील खापरे गोळा केली. ग्रंथालयातून डोंगरात गेलेला हा अभ्यासक चिनी मृत्पात्र-पुरातत्त्वाचा प्रवर्तक समजला जातो, ते उचितच आहे.

मिंग काळात (१३६८–१६४४) लाँगच्युआन उतरणीला लागले, असे विधान जुन्या पुस्तकांत ठामपणे केलेले असते. या काळातील थाळे जाड, मोठे आणि बोजड दिसतात, हा त्यामागचा मुख्य आधार. २००६–०७ मध्ये दायाओ येथील फेंगदोंगयान भट्टीच्या उत्खननाने या मताला धक्का दिला. तेथे मिंग राजवटीच्या आरंभीच्या काळात दरबाराच्या मागणीनुसार बनविलेल्या भांड्यांचे अवशेष मिळाले. तोवर दरबारी माल म्हणजे जिंगदेझेनचा, असे गृहीत धरले जाई. ज्यांना ‘परदेशी बाजारासाठी काढलेला भरड माल’ म्हटले गेले त्या मोठ्या थाळ्यांची निकट भावंडे सम्राटाच्या मागणीवरून बनत होती, असे आता म्हणावे लागते. ऱ्हासाचे निदान भट्टीवरून केलेले नव्हते. ते नंतरच्या संग्राहकांच्या आवडीनिवडीवरून केलेले होते. सुंग काळातील नाजूक फुलदाणी हाच मापदंड धरला तर मोठा थाळा कमी ठरणारच. चाळीस माणसांच्या पंगतीत मध्यभागी ठेवण्याच्या पात्राला फुलदाणीची फूटपट्टी लावणे मुळातच गैर होते.

मर्तबानी, घोरी आणि भारतीय खापरे

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात तेराशेहून अधिक सेलाडॉन भांडी आहेत. विषारी अन्न वाढले तर हे भांडे रंग बदलते किंवा तडकते, अशी समजूत पश्चिम आशियात आणि भारतात रूढ होती. भारतात अशा थाळ्यांना ‘घोरी’ म्हणत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील सेलाडॉनविषयीही हीच आख्यायिका सांगितली जाते. रासायनिकदृष्ट्या ती निराधार आहे. या झिलईवर सामान्य अन्नातील कोणत्याही पदार्थाचा परिणाम होत नाही आणि तिचे खरे मोल त्यातच आहे. तरीही ही समजूत केवळ अंधश्रद्धा म्हणून निकालात काढणे घाईचे होईल. ज्या दरबारांत भाऊ भावाला विष घालीत असे, तेथे एका भांड्यावर सोपविलेला विश्वास त्या दरबारांच्या राजकारणाविषयी पुष्कळ काही सांगतो.

‘मर्तबानी’ हे नाव मर्तबान या ब्रह्मी बंदरावरून आले. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने पूर्वेकडील एका राजकन्येने समुद्रप्रवासासाठी दिलेल्या मोठ्या ‘मर्तबानां’चा उल्लेख केला आहे. त्यांत आले, मिरी, लिंबे आणि आंबे खारवून भरले होते. हिंदीत लोणच्याच्या बरणीला आजही मर्तबान म्हणतात. सुलतानाच्या मेजवानीतील हिरव्या थाळ्याचे आणि स्वयंपाकघरातील बरणीचे नाव एकाच बंदरातून यावे, यात नवल नाही. बंदरात दोन्ही वस्तू एकाच धक्क्यावर उतरत होत्या. शिवाय मर्तबानमार्गे येणारे प्रत्येक हिरवे भांडे चिनी नव्हते. मिंग दरबाराने खाजगी सागरी व्यापारावर निर्बंध घातल्यानंतर सयाममधील सावनखालोकच्या आणि ब्रह्मदेशातील भट्ट्यांनी सेलाडॉन बनवून ती पोकळी भरून काढली. जुन्या संग्रहांतील ‘चिनी’ अशा चिठ्ठीखाली असा कितीतरी माल निघू शकतो.

भारतात या विषयाचा पुरावा दोन प्रकारचा आहे. एक संग्राहकांचा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील चिनी भांडी मुख्यतः सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली आहेत. ती विसाव्या शतकातील अभिरुचीची साक्ष देतात. कोकणच्या मध्ययुगीन व्यापाराची नव्हे. दुसरा पुरावा जमिनीतला आहे. दिल्लीत फिरोजशहा तुघलकाच्या महालाच्या परिसरात १९६१ मध्ये चौदाव्या शतकातील चिनी पोर्सेलीनचे तुकडे निघाले. त्यांत निळ्या-पांढऱ्यांची संख्या मोठी व सेलाडॉन मोजके होते. तमिळनाडूच्या पेरियपट्टिनम येथे तमिळ विद्यापीठाने केलेल्या उत्खननात आणि नोबोरू काराशिमा यांच्या पाहणीत लाँगच्युआनची तेराव्या-चौदाव्या शतकांतील खापरे विपुल मिळाली. तेथे राजवाडा नव्हता. ते बंदर होते. म्हणजे सेलाडॉन भारतात केवळ नजराणा म्हणून येत नव्हते, तर सर्वसाधारण व्यापारी माल म्हणूनही उतरत होते.

पश्चिम किनाऱ्यावर संजाण येथे २००२ ते २००४ या काळात उत्खनन झाले आणि तेथील मृत्पात्रांचा अभ्यास रुखशाना नानजी यांनी २०११ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. या मृत्पात्रांत पश्चिम आशियाई भांड्यांबरोबर चिनी खापरेही आहेत. संजाण आज गुजरातमध्ये असले तरी त्याचा कारभार समजतो तो पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे मिळालेल्या ताम्रपटांवरून. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील, इ. स. ९२६ च्या ताम्रपटात ‘संयान मंडळा’चा अधिकारी म्हणून मधुमती या ताजिक, म्हणजे अरब, सरदाराचे नाव येते. त्याने मठाला दान दिल्याची नोंद त्यात आहे. ताम्रपटाचे वाचन झाले, संपादन झाले, राष्ट्रकूटांच्या प्रत्येक इतिहासात त्याला स्थान मिळाले. त्याच बंदरात, साधारण त्याच शतकांत आलेल्या चिनी भांड्यांची नोंद मात्र एका मृत्पात्रतज्ज्ञाच्या ग्रंथापलीकडे फारशी गेलेली नाही. महाराष्ट्रातील किनारी स्थळांच्या उत्खननांत मिळणाऱ्या झिलईदार खापरांना अहवालांत पुष्कळदा ‘मध्ययुगीन, आयात’ एवढ्या दोन शब्दांत वाट करून दिली जाते. त्यांची झिलई किती जाड आहे, तळाची कडा लाल भाजली आहे की राखाडी, आतला भाग पांढरा आहे की पिवळट, एवढे तीन तपशील नोंदविले तरी लाँगच्युआन, सावनखालोक आणि ब्रह्मदेश यांचा माल निवडण्यास आरंभ करता येतो. त्यासाठी अखंड फुलदाणी मिळण्याची वाट पाहावी लागत नाही. तळहाताएवढा, तळाची कडा शाबूत असलेला तुकडा पुरतो.